कवळाण्याचा गोपाळ आणि प्लेटोचा राजा

अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा एक शिलालेख आहे. त्यात शिलाहार राजा माम्वाणी याचे नाव आहे. साडेनऊशेहून अधिक वर्षे लोटली. राजा गेला, राज्य गेले, पण नाव दगडावर राहिले. आपल्या देशात अशी राजांची नावे गावोगावी सापडतील. परंतु एखाद्या राजाचे नाव गरिबाच्या मुलाच्या पाटीवर उमटावे, हे फार थोड्यांच्या वाट्याला आले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड हे अशा थोड्यांपैकी एक होत.

सयाजीरावांची चरित्रे अनेकांनी लिहिली आहेत. त्यांच्या कार्याची यादी पुन्हा एकदा द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू नाही. द्वितीय वर्षाच्या राज्यशास्त्राच्या तासाला आम्ही सध्या ग्रीक विचारवंतांचा अभ्यास करीत आहोत. राज्य कोणी करावे आणि राज्यकर्ता कसा घडतो, हा प्रश्न प्लेटोने सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी विचारला. पुस्तकात तो प्रश्न अथेन्सचा वाटतो. पण एकोणिसाव्या शतकात, मराठी बोलणाऱ्या एका शेतकऱ्याच्या घरात, त्याच प्रश्नाची प्रत्यक्ष परीक्षा झाली. ती परीक्षा कशी झाली आणि तिचा निकाल काय लागला, हे पाहावे म्हणून हा प्रपंच.

ग्रीकांचा प्रश्न

प्लेटोचा जन्म इ. स. पू. ४२७ च्या सुमारास अथेन्समधील एका उमराव घराण्यात झाला. त्याचे बालपण आणि तारुण्य अथेन्स व स्पार्टा यांच्या दीर्घ युद्धाच्या छायेत गेले. इ. स. पू. ४०४ मध्ये अथेन्सचा पराभव झाला आणि तीस जणांच्या मंडळाने सत्ता हाती घेतली. त्यात प्लेटोच्या आईकडचा एक नातलग, क्रितियस, प्रमुख होता. या मंडळींनी असा जुलूम मांडला की लोकांना जुनी लोकशाही बरी वाटू लागली. लोकशाही परत आली. आणि त्याच लोकशाहीच्या न्यायसभेने इ. स. पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसला विषाचा प्याला प्यावयास लावला. मूठभरांचे राज्य प्लेटोने पाहिले आणि बहुतांचेही पाहिले. दोहोंकडून त्याची निराशा झाली.

तेव्हा त्याने निराळाच विचार मांडला. राज्य करणे ही एक विद्या आहे; ती ज्याला येते त्यानेच राज्य करावे. जहाजाचे सुकाणू कोणाच्या हाती द्यावयाचे हे खलाशांच्या आरडाओरड्यावरून ठरत नाही, हा त्याचा आवडता दाखला. आपल्याकडे म्हणावयाचे तर, बदलापूर लोकलचा मोटरमन आपण डब्यात मतदान घेऊन निवडीत नाही. ज्याने गाडी चालविण्याचे शिक्षण घेतले त्याच्याच हाती ती देतो. मग सबंध राज्य न शिकलेल्याच्या हाती का द्यावे?

प्लेटोचे म्हणणे वाचताना प्रथम पटते. नंतर मात्र मनात शंका येऊ लागतात. त्याचाच शिष्य ॲरिस्टॉटल याने त्यांतील एक शंका नेमकी पकडली आहे. जेवण कसे झाले हे आचाऱ्यापेक्षा पंगतीत बसलेल्याला अधिक कळते, असा त्याचा आशय आहे. मोटरमन तज्ज्ञ असेल; पण गाडी रोज किती उशिरा येते आणि दारात लोंबकळताना काय होते, हे अंबरनाथच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसालाच विचारावे लागेल.

प्लेटोने आपल्या राज्यकर्त्यांसाठी शिक्षणाचा एक मोठा आराखडा 'रिपब्लिक' या ग्रंथात दिला आहे. लहानपणी संगीत, काव्य आणि व्यायाम. मग दोन-तीन वर्षे कडक शारीरिक शिक्षण. विसाव्या वर्षापासून दहा वर्षे गणित व तत्सम शास्त्रे. पुढे पाच वर्षे तत्त्वचिंतन. त्यानंतर पंधरा वर्षे प्रत्यक्ष कारभाराचा अनुभव. असे करता करता पन्नाशी आली, म्हणजे मग राज्यकारभाराचा खरा अधिकार. या राज्यकर्त्यांना स्वतःची मालमत्ता नसावी आणि स्वतःचे वेगळे कुटुंबही नसावे. विशेष हे की, गुण असतील तर स्त्रियांनाही या पदाचा अधिकार त्याने मान्य केला. असे आदर्श राज्य लवकर उभे करावयाचे तर दहा वर्षांवरील सर्वांना शहराबाहेर शेतावर पाठवावे आणि मुलांना ठेवून घेऊन नव्याने घडवावे, अशीही विलक्षण सूचना तो करतो.

हे सारे कागदावर राहू नये म्हणून प्लेटो सिसिली बेटावरील सिराक्यूज येथे तीन वेळा गेला. तेथील तरुण राजा दुसरा डायोनिसियस याला तत्त्वज्ञ करावे, असा त्याचा आणि त्याचा मित्र डिऑन याचा मनसुबा होता. पण राजाला विद्येपेक्षा विद्वान म्हणवून घेण्याची हौस जास्त. दरबारी लोकांनी कान भरले, डिऑनला हद्दपार केले, आणि शेवटच्या खेपेस तर प्लेटोलाच जवळजवळ नजरकैदेत राहावे लागले. गुरू राजाला घडवावयास गेला आणि जीव वाचवून परत आला.

कवळाणे ते बडोदे

आता आपण सिराक्यूजहून नाशिक जिल्ह्यात येऊ. मालेगाव तालुक्यात कवळाणे नावाचे एक लहान गाव आहे. तेथे काशीराव गायकवाड नावाचे शेतकरी राहत. घराणे बडोद्याच्या गायकवाडांच्याच दूरच्या शाखेचे, पण राहणी साध्या शेतकऱ्याची. त्यांना १८६३ साली एक मुलगा झाला. त्याचे नाव गोपाळ. हा मुलगा बारा वर्षांचा होईपर्यंत शेतात आणि गुरांमागे वाढला. अक्षरओळख नसल्यासारखीच होती.

तिकडे बडोद्यात मोठी उलथापालथ चालू होती. महाराज खंडेराव १८७० मध्ये वारले. त्यांच्यामागून आलेले मल्हारराव यांचा कारभार बेबंद झाला. ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेअर याला विष देण्याचा प्रयत्न झाल्याच्या आरोपावरून चौकशी झाली आणि एप्रिल १८७५ मध्ये गैरकारभाराचे कारण दाखवून इंग्रज सरकारने मल्हाररावांना पदच्युत केले. गादीला वारस हवा होता. खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. गायकवाडांच्या निरनिराळ्या शाखांतील मुले पाहण्यात आली. काशीरावांची मुलेही बडोद्यास गेली.

या वेळची एक आख्यायिका सर्वांच्या तोंडी आहे. तुम्ही येथे कशासाठी आलात, असे मुलांना विचारले असता गोपाळने बेधडक सांगितले की मी राज्य करावयास आलो आहे. आख्यायिका ती आख्यायिकाच. तिच्यावर फार भार टाकू नये. पण २७ मे १८७५ रोजी गोपाळचे दत्तविधान झाले, तो सयाजीराव झाला, आणि त्याच्या आयुष्याचा रस्ता एका दिवसात बदलला, हे खरे.

येथे मला प्लेटोची ती विलक्षण सूचना आठवते. त्याला मोठ्यांना शेतावर पाठवून मुलांना शहरात घडवावयाचे होते. बडोद्याने मोठ्यांना आपापल्या जागी ठेवले आणि शेतावरच्याच एका मुलाला शहरात आणले. डायोनिसियस राजवाड्यात वाढला होता. प्लेटो दुसऱ्यांदा सिराक्यूजला गेला तेव्हा तो गादीवरही बसलेला होता. खुशामतीची चव त्याच्या जिभेला लागून गेली होती. गोपाळच्या जिभेला शेतावरच्या भाकरीची चव माहीत होती. माझ्या मते गुरूंच्या यशाचे निम्मे कारण येथेच आहे.

शिक्षकाच्या हाती राजा

सयाजीरावांना दोन मोठे शिक्षक लाभले. एक एलियट नावाचे इंग्रज मुलकी अधिकारी. बाराव्या वर्षी मुळाक्षरांपासून सुरुवात करणाऱ्या मुलाला त्यांनी मोठ्या चिकाटीने शिकविले. महाराजांसाठी वेगळी शाळा काढण्यात आली. मराठी, गुजराती, इंग्रजी, उर्दू, गणित, इतिहास, शिवाय घोड्यावर बसणे, कुस्ती, कवायत असा दिवसभराचा कार्यक्रम असे. बुद्धीबरोबर शरीरही घडले पाहिजे, हे ग्रीकांचे सूत्र येथे नकळत पाळले गेले.

दुसरे शिक्षक म्हणजे दिवाण सर टी. माधवराव. हे मूळचे तंजावरकडील मराठी घराण्यातले. त्रावणकोर आणि इंदूर येथील दिवाणगिरी करून ते बडोद्यास आले होते. महाराज अल्पवयीन असताना राज्याचा कारभार त्यांनीच पाहिला. १८८१ साली महाराजांना पूर्ण अधिकार मिळण्याआधी त्यांनी राज्यकारभारावर व्याख्यानांची एक मालाच दिली. 'मायनर हिंट्स' या नावाने ती पुढे छापली गेली. प्रजेचे सुख हेच राजाचे पहिले कर्तव्य. राज्य ही राजाची खाजगी मिळकत नव्हे. राजवाड्याच्या खर्चाला मर्यादा असावी. न्यायाधीशांच्या कामात राजाने ढवळाढवळ करू नये. तोंडपुज्या लोकांपासून सावध राहावे. सल्लागार पारखून घ्यावेत, अशा स्वरूपाची ती शिकवण होती.

प्लेटोने राज्यकर्त्याला आधी भूमिती आणि मग तत्त्वज्ञान शिकविण्यास सांगितले. माधवरावांनी सरळ हिशेब, न्याय आणि संयम शिकविला. प्लेटोचा राजा पन्नासाव्या वर्षी गादीवर बसतो. सयाजीराव २८ डिसेंबर १८८१ रोजी, अठरा वर्षांचे असताना, अधिकारावर आले. सहा वर्षांचे शिक्षण घेऊन एक तरुण एका मोठ्या संस्थानाचा धनी झाला. तो पुढे कसा वागेल, याची खात्री कोण देणार? पण या विद्यार्थ्याने शिकणे थांबविले नाही, हे त्याचे वैशिष्ट्य. पुढच्याच वर्षी माधवरावांनी दिवाणपद सोडले आणि महाराज स्वतःच्या मताने चालू लागले. ते सतत वाचीत, प्रवास करीत, जाणत्या माणसांना जवळ करीत. ग्रीक व लॅटिन भाषांत पारंगत झालेले अरविंद घोष १८९३ ते १९०६ पर्यंत बडोद्याच्या सेवेत होते आणि तेथील महाविद्यालयात शिकवीत. अर्थशास्त्राचे जाणकार रमेशचंद्र दत्त यांनीही बडोद्याचा कारभार पाहिला. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ च्या सुमारास आपल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथाचा भाग महाराजांना वाचून दाखविला. शेतकऱ्याच्या दैन्यावरील एवढे जळजळीत लिखाण समोर बसून ऐकणारे संस्थानिक त्या काळी किती असतील?

सक्तीची शाळा

सयाजीरावांची कामे पुष्कळ आहेत. कलाभवन १८९० मध्ये निघाले आणि कारागिरीचे शिक्षण शास्त्रीय पायावर सुरू झाले. १९०४ मध्ये बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदा झाला. १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा स्थापन झाली. १९१० मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन तज्ज्ञाला बोलावून त्यांनी ग्रंथालयांचे जाळे उभारले. लाकडी पेट्यांतून पुस्तके खेड्यापाड्यांत जाऊ लागली. पण या सर्वांहून मोठे काम म्हणजे सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण. १८९३ मध्ये अमरेली भागात त्याचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये सबंध राज्याला तो कायदा लागू करण्यात आला. मुलांप्रमाणे मुलींनाही तो लागू होता. पाल्याला शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दंड होई. नामदार गोखले यांनी १९११ मध्ये हिंदुस्थानासाठी असेच विधेयक आणले तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्यापुढे होते; परंतु इंग्रज सरकारने ते मान्य होऊ दिले नाही. स्वतंत्र भारतात शिक्षण हा मुलांचा मूलभूत हक्क व्हावयास २००२ साल उजाडावे लागले आणि तो प्रत्यक्षात आणणारा कायदा २०१० मध्ये अंमलात आला. अमरेलीच्या प्रयोगानंतर शंभराहून अधिक वर्षांनी!

या ठिकाणी ग्रीकांशी थोडे भांडावेसे वाटते. प्लेटोने म्हातारपणी लिहिलेल्या 'लॉज' या ग्रंथात मुलगे आणि मुली दोघांनाही शिक्षण सक्तीचे असावे असे म्हटले आहे, हे त्याचे मोठेपण. पण ही मुले कोणाची? नागरिकांची. गुलामांची नव्हेत. 'रिपब्लिक'मध्ये तर माणसांच्या ठिकाणी सोने, रुपे आणि लोखंड-पितळ अशा धातूंचे मिश्रण असते, अशी एक कथा त्याने रचली आहे. ही कथा खोटी आहे हे तो स्वतःच मान्य करतो, पण राज्याच्या हितासाठी लोकांना ती सांगावी म्हणतो. लोखंडाच्या पोटी सोने निपजले तर त्याला वर घ्यावे, एवढी सवलत त्याने ठेवली आहे. ॲरिस्टॉटल याहून कठोर आहे. उत्तम राज्यात कारागीर, मजूर आणि जमीन कसणारे यांना नागरिकत्व नसावे. कारण सद्गुण जोपासावयास फुरसत लागते आणि ती त्यांना नसते, असे त्याचे मत.

हे वाचल्यावर मी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवले. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. माझे आजोबा अंबरनाथच्या एका कारखान्यात हमाली करीत. आजी अजूनही कागदावर अंगठा उठवते. ॲरिस्टॉटलच्या हिशेबाने माझे आजोबा नागरिकच ठरत नाहीत. त्यांना फुरसत नव्हती, हे त्याचे निरीक्षण खरे आहे. पण फुरसत नव्हती म्हणून त्यांची लायकी नव्हती, हे अनुमान खरे नाही. फुरसत कोणाला जन्मतः मिळत नाही. ती कोणीतरी मिळवून देतो. ग्रीसमध्ये ती गुलामांनी मिळवून दिली, पण ती घेतली मालकांनी. बडोद्यात ती कायद्याने मिळवून दिली आणि घेतली शेतकऱ्याच्या पोरांनी. शाळा सक्तीची करणे म्हणजे मुलाच्या आयुष्यातली चार-पाच वर्षे कामाच्या तावडीतून सोडवून त्याच्या हाती देणे होय. प्लेटो सोन्याची मुले निवडून काढण्याच्या विचारात होता. सयाजीरावांनी निवड केलीच नाही. सर्वांनाच शाळेत बसविले. बाराव्या वर्षापर्यंत ज्याला अक्षर येत नव्हते आणि कोणी पारख करावयास बसले असते तर ज्याला लोखंडातच टाकले असते, त्याच माणसाला हे सुचले, यात नवल नाही.

अस्पृश्य आणि आदिवासी मुलांसाठीही त्यांनी आपल्या कारकिर्दीच्या आरंभीच शाळा काढल्या. या शाळांत शिकवावयास सवर्ण शिक्षक मिळेनात, तेव्हा मुसलमान आणि आर्यसमाजी शिक्षकांची मदत घ्यावी लागली. १९१८ मध्ये मुंबईस भरलेल्या अस्पृश्यता निवारण परिषदेचे अध्यक्षस्थान महाराजांनीच भूषविले.

उणी बाजू

थोरांच्या चरित्रात केवळ आरती ओवाळणे बरे नव्हे. प्लेटोच्या कसोटीवर सयाजीराव कोठे कमी पडतात, तेही पाहावे. प्लेटोचा राज्यकर्ता घरादाराशिवाय राहतो. सयाजीरावांचा लक्ष्मीविलास राजवाडा १८९० मध्ये पुरा झाला. त्याच्या भव्यतेची वर्णने आजही लोक सांगतात. १८८७ पासून महाराज वारंवार परदेशी जात. निद्रानाशाच्या विकारामुळे त्यांना हवापालट लागे, हे खरे. पण राज्याचा धनी वर्षातून कित्येक महिने बाहेर असे, हेही खरे. न्याय आणि कारभार यांची त्यांनी फारकत केली, ग्रामपंचायतींना चालना दिली, धारासभाही काढली. परंतु अखेरचा शब्द महाराजांचाच राहिला. आणि महाराजांच्याही वर इंग्रज होता. १९११ च्या दिल्ली दरबारात बादशहा पंचम जॉर्ज यांना त्यांनी एकदाच मान लवविली आणि पाठ करून ते परतले, म्हणून केवढे काहूर उठले! शेवटी त्यांना खुलाशाचे पत्र लिहावे लागले. परकी सत्तेखालच्या राजाला मान किती वाकवावी याचाही हिशेब द्यावा लागे.

आणखी एक दुःख त्यांच्या वाट्याला आले. थोरले चिरंजीव फत्तेसिंहराव १९०८ मध्ये ऐन तारुण्यात वारले आणि पुढे आणखी दोन तरुण मुलगे त्यांच्या डोळ्यांदेखत गेले. त्यांच्यामागून नातू प्रतापसिंहराव गादीवर आले. त्यांनी १९४९ मध्ये आजोबांच्या नावाने विद्यापीठ स्थापन केले, ही मोलाची गोष्ट. पण १९५१ मध्ये भारत सरकारने त्यांची संस्थानिक म्हणून मान्यता काढून घेतली. पेरिक्लीससारख्या थोर मुत्सद्द्यांना आपले गुण आपल्या मुलांना का देता आले नाहीत, असा प्रश्न प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस विचारतो. चांगला राजा लाभणे हा योग असतो. तो योग पुढच्या पिढीतही येईल याची हमी कोणी देत नाही.

बडोद्याची ती संध्याकाळ

सयाजीरावांच्या कारकिर्दीतील सर्वांत उजळ आणि सर्वांत काळी पाने एकाच माणसाच्या आयुष्यात भेटतात. १९१३ मध्ये महाराजांनी भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला अमेरिकेत शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता दिली. परत आल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करावी, असा करार होता. कोलंबिया विद्यापीठात जाऊन या तरुणाने विद्येचा डोंगर उपसला. लोखंडात सोने असते, एवढेच प्लेटोने मान्य केले होते. ते किती असते, हे आता जगाला दिसले.

१९१७ मध्ये करार पाळण्यासाठी आंबेडकर बडोद्यास आले. महाराजांच्या मनात त्यांना मोठ्या पदावर न्यावयाचे होते. पण कचेरीतले शिपाई कागदपत्रे त्यांच्याकडे दुरून टाकीत. गावात राहावयास घर मिळेना. नाव बदलून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. तेही उघडकीस आले आणि हाती काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. महाराजांच्या राजधानीत महाराजांच्या अधिकाऱ्याला छप्पर नव्हते. आंबेडकर कामाठी बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले. ही सार्वजनिक बाग सयाजीरावांच्याच नावाने आज ओळखली जाते. ती १८७९ मध्ये त्यांनीच लोकांना दिली होती.

मित्रांनो, राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने या संध्याकाळपाशी जरा थांबले पाहिजे. राजा शहाणा होता. त्याची इच्छा शुद्ध होती. त्याने पैसा दिला होता, पद दिले होते. तरीही त्याचा हुकूम शिपायाच्या हातापर्यंत पोचला नाही. तत्त्वज्ञ राजा झाला म्हणजे राज्याचे दुःख संपेल, असे प्लेटोने मानले. बडोद्यात राजा तर बराच शहाणा निघाला. पण राजा शहाणा झाल्याने प्रजा शहाणी होत नाही. सिंहासनावरचा एक माणूस बदलणे सोपे, कचेरीतल्या, आळीतल्या, धर्मशाळेतल्या हजारो माणसांची मने बदलणे अवघड. महाराजांच्या शाळा त्याच कामासाठी होत्या. पण शाळेचे पीक यावयास पिढ्या लागतात.

राजाकडून कायद्याकडे

प्लेटोलाही म्हातारपणी हे काही अंशी उमगले असावे. 'रिपब्लिक'मधला त्याचा राजा सर्वज्ञ आहे. नंतरच्या 'स्टेट्समन' या संवादात तो राज्यकर्त्याची तुलना विणकराशी करतो. धनगर मेंढरांना हाकतो तसे राज्य करावयाचे नसते; माणसे काही मेंढरे नव्हेत. तर विणकर ताणा आणि बाणा एकत्र विणतो, त्याप्रमाणे धाडसी आणि सौम्य अशा भिन्न स्वभावांची माणसे एका वस्त्रात गुंफणे ही राज्यकर्त्याची कला. उल्हासनगरसारख्या गावात राहणाऱ्याला हा दृष्टान्त चटकन समजतो. फाळणीनंतर सर्वस्व गमावून आलेले सिंधी निर्वासित, मूळचे आगरी, घाटावरून आलेले मराठी, उत्तरेकडून आलेले कामगार, असे किती रंगांचे धागे येथे एकाच मागावर चढले आहेत! एका रंगाचे कापड विणणे ही कला नव्हे.

त्याच संवादात प्लेटो म्हणतो की खरा जाणता राज्यकर्ता मिळणे दुर्मिळ, म्हणून तो नसताना लिखित कायदा पाळणे हाच दुसरा उत्तम मार्ग. वैद्य परगावी जाताना रोग्यासाठी औषधयोजना लिहून ठेवतो, तसा कायदा. आणि अखेरच्या 'लॉज'मध्ये तर सत्ताधाऱ्यांनी कायद्याचे सेवक व्हावे, येथवर तो येतो. तत्त्वज्ञ राजापासून निघालेला प्लेटो शेवटी कायद्याच्या दारात येऊन पोचला. इ. स. पू. ३४७ च्या सुमारास त्याचा मृत्यू झाला.

सयाजीराव ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत वारले. त्यांनी त्रेसष्ट वर्षांहून अधिक काळ राज्य केले. दहा वर्षांनी, १ मे १९४९ रोजी, बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच वर्षी, २६ नोव्हेंबर रोजी, भारताची राज्यघटना स्वीकारली गेली. तिच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्या घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. जे राजाच्या इच्छेने झाले नाही, ते करण्याची जबाबदारी आता कायद्याने घेतली. आणि तो कायदा लिहिणाऱ्याच्या शिक्षणाला कवळाण्याच्या गोपाळने हातभार लावलेला होता.

तेव्हा प्लेटोच्या परीक्षेचा निकाल काय लागला म्हणावयाचे? राज्यकर्ता शिक्षणाने घडविता येतो, हे बडोद्याने दाखविले. घडविलेला एक राज्यकर्ता पुरेसा नसतो, हेही बडोद्यानेच दाखविले. सयाजीरावांचे मोठेपण हे की त्यांनी आपल्यासारखा दुसरा राजा घडविण्यापेक्षा राजाची गरज उरणार नाही अशी माणसे घडविण्याकडे राज्याचा पैसा वळविला. आज आपण मतदार आहोत, म्हणजे ग्रीकांच्या भाषेत आळीपाळीने राज्य करणारे आणि राज्याखाली राहणारे. सुकाणू कोणाच्या हाती द्यावयाचे हे आपणच ठरवितो. जे शिक्षण प्लेटोने एका राजासाठी मागितले, ते आता अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगरच्या प्रत्येक घरी लागणार आहे. माझ्या घरात त्याचा पहिला धडा चालू आहे.